वाचकांचे प्रश्न : वीज आली, पण यंत्रणा उठली नाही

प्रश्न : आम्ही पती-पत्नी अडीच महिन्यांसाठी मुलीकडे राहायला गेलो होतो. घरातील दिवे, कुंड्यांना पाणी देणारा लहान पंप, दारावरचा कॅमेरा आणि गळती ओळखणारे सेन्सर हे सर्व एका लहान संगणकावरील होम असिस्टंट या घरातील उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. त्या संगणकाला आणि राउटरला यूपीएस जोडलेला असून वीज गेल्यावर बॅटरी संपत आली की संगणक आपोआप व्यवस्थित बंद व्हावा, अशी सोयही केलेली आहे. जाऊन तीन आठवडे होतात तोच यंत्रणा फोनवर दिसेनाशी झाली. परत येऊन पाहिले तेव्हा घरात वीज होती, राउटर चालू होता, संगणक तेवढा बंद होता आणि त्याचे बटण दाबताच सर्व पूर्ववत झाले. दिवाणखान्यातील चार दिवे मात्र किती दिवस पूर्ण तेजाने जळत होते, कोण जाणे. यूपीएस असूनही असे का व्हावे?

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलांपैकी सर्वांत बोलका तपशील म्हणजे राउटर चालू होता आणि संगणक बंद होता, हा. दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत, म्हणजे परत आलात तेव्हा यूपीएस वीज पुरवत होता. त्यामुळे दोनच शक्यता उरतात.

पहिली शक्यता साधी आहे. बहुतेक संगणकांच्या बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत, गेलेली वीज परत आल्यावर काय करायचे, याची एक सेटिंग असते आणि कारखान्यातून ती पुष्कळदा ‘बंदच राहा’ अशी येते. ती ‘चालू हो’ अशी बदलली नसेल, तर यूपीएस पूर्ण रिकामा होऊन पुन्हा सुरू झाला तरी संगणक बटणाची वाट पाहत बसतो. ही सेटिंग आधी तपासा. रास्पबेरी पायसारख्या पाटीवजा संगणकांत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण त्यांना वीज मिळाली की ते सुरू होतात.

सेटिंग आधीपासून योग्य असेल, तर दुसरी शक्यता घ्यावी लागेल, आणि ती अधिक फसवी आहे. वीज गेली, बॅटरी उतरत उतरत ठरलेल्या पातळीला आली, यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या ‘नट’ किंवा तत्सम सॉफ्टवेअरने संगणकाला बंद होण्याची आज्ञा दिली आणि संगणक आवराआवर करू लागला, असे समजा. या आवरण्याला अर्धे-पाऊण मिनिट लागते. नेमक्या त्याच अर्ध्या मिनिटात वीज परत आली. यूपीएसने आपला पुरवठा क्षणभरही तोडलेला नाही, त्यामुळे राउटर अखंड चालू राहिला. संगणक मात्र आज्ञेनुसार बंद झाला, आणि त्याच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती, म्हणून ‘वीज परत आल्यावर चालू हो’ ही सेटिंग लागू होण्याचा प्रसंगच आला नाही. सर्व भाग आपापले काम चोख करत असतानाही यंत्रणा अडकली ती अशी.

यावरचा उपाय असा, की एकदा बंद होण्याची प्रक्रिया सुरू झाली म्हणजे, मधेच वीज आली तरी, यूपीएसने आपला पुरवठा काही सेकंद तोडून पुन्हा जोडलाच पाहिजे. ‘नट’मध्ये यासाठी बंद होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर यूपीएसला आज्ञा पाठवण्याची सोय आहे, मात्र ती आज्ञा आपला यूपीएस खरोखर पाळतो का, हे प्रत्यक्ष पाहावे लागते, कारण स्वस्त यूपीएस ती अनेकदा पाळत नाहीत. काही यूपीएस तर पूर्ण रिकामे झाल्यावर बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरूच होत नाहीत, आणि असा यूपीएस बंद घरासाठी, माझ्या मते, यूपीएस नसण्यापेक्षाही वाईट. हे ओळखण्यासाठी त्याला एक साधा टेबल-दिवा जोडून भिंतीकडची पिन काढावी, दिवा विझेपर्यंत थांबावे आणि पिन पुन्हा लावून दिवा आपोआप लागतो का ते पाहावे. एका दुपारचे काम आहे.

आता त्या चार दिव्यांविषयी. बरेचसे स्मार्ट दिवे वीज परत येताच पूर्ण तेजाने लागतात, कारण भिंतीवरचे बटण दाबणाऱ्या माणसाला उजेड हवा असतो, असे गृहीत धरून ते बनवलेले असतात. दिव्यांत आणि स्मार्ट प्लगांत, वीज आल्यानंतर चालू, बंद की पूर्वस्थिती, यांपैकी एक निवडण्याची सोय बहुधा असते. दिव्यांना ‘बंद’ निवडा आणि फ्रीज प्लगवर असेल तर त्याला ‘चालू’. पंपाला तर ‘बंद’च हवे, आणि शिवाय एका वेळी अमुक मिनिटांपेक्षा अधिक चालायचे नाही, ही मर्यादा संगणकावर न ठेवता प्लगमध्येच घातलेली बरी. पंप चालू असताना संगणक कोलमडला, तर त्याला थांबवणारे दुसरे कोणी घरात नसते. आपली उपकरणे एमक्यूटीटी या उपकरणांमधील निरोपांच्या पद्धतीने आज्ञा घेत असतील, तर त्या आज्ञा ‘राखून ठेवलेल्या’ (रिटेन्ड) प्रकारच्या नाहीत ना, हेही पाहा. असल्यास वीज येऊन पंप जाळ्याशी जोडला गेला की कित्येक दिवसांपूर्वीची ‘चालू हो’ ही आज्ञा त्याच्या हाती पडते आणि तो ती निष्ठेने पाळतो.

प्रश्न : माझ्या यूपीएसवर ६०० व्हीए असे छापलेले आहे. राउटर, फायबरचा डबा आणि एक लहान संगणक यांना तो किती तास पुरेल? मोठा घ्यावा का?

उत्तर : ६०० व्हीए हा आकडा यूपीएस एका वेळी किती भार पेलू शकतो, हे सांगतो, किती वेळ पेलेल, हे सांगत नाही. वेळ ठरते ती आतल्या बॅटरीवरून. अशा यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. आपल्या तीन वस्तू मिळून २० ते २५ वॅट घेत असतील. भागाकार केला तर साडेतीन-चार तास येतात आणि इथेच फसगत होते. यूपीएस स्वतःचे इन्व्हर्टर चालू ठेवण्यासाठीच दहा-पंधरा वॅट खातो. शिवाय बॅटरीची क्षमता वीस तासांत सावकाश रिकामी केल्यास किती मिळेल, या हिशोबाने छापलेली असते. दोन तासांत उपसली तर तेवढी मिळत नाही. नवी बॅटरी असताना दीड ते दोन तास धरा. तीन वर्षांनी निम्मेच धरा, आणि यूपीएस उकाड्यात, बंद कपाटात असेल तर त्याहूनही कमी, कारण २५ अंशांच्या वर दर १० अंशांना अशा बॅटरीचे आयुष्य साधारण अर्धे होते.

गंमत अशी, की यूपीएस १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करतो आणि मग राउटरचा अडॅप्टर त्याच २३० चे पुन्हा १२ करतो. लहान भारासाठी हा द्राविडी प्राणायाम टाळता येतो. थेट १२ व्होल्ट देणारा छोटा डीसी यूपीएस किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वापरल्यास तेवढ्याच साठ्यात बराच अधिक वेळ मिळतो. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीत १२८० वॅट-तास असतात, म्हणजे २० वॅटचा भार दोन दिवस सहज निघतो. मात्र प्रत्येक उपकरणाचे व्होल्टेज त्याच्या अडॅप्टरवर वाचूनच जोडणी करावी, आणि बॅटरीजवळ योग्य फ्यूज असावा. रास्पबेरी पायला ५ व्होल्ट लागतात आणि तेही पुरेशा अँपिअरने. तारेत व्होल्टेज पडले तर तो अधूनमधून रुसतो.

तरीही मोठी बॅटरी घेण्याआधी मी एक विचारीन : पहिल्या प्रश्नातली यंत्रणा दोन दिवसांच्या बॅटरीने सावरली असती का? तिसऱ्या दिवशी वीज आली असती तर ती तशीच अडकली असती. खर्च करायचाच असेल तर आधी यंत्रणा आपोआप उठेल यासाठी करावा, तास वाढवण्यासाठी नंतर.

प्रश्न : वीज गेल्याचा संदेश मला फोनवर यावा, अशी व्यवस्था मी केली होती. प्रत्यक्षात वीज गेली तेव्हा काहीच आले नाही. असे का?

उत्तर : कारण संदेश पाठवणाऱ्याचीच वीज गेली होती. घरातील यंत्रणेने ‘मी बंद पडले आहे’ असे कळवावे, ही अपेक्षा उलटी आहे. व्यवस्था अशी हवी, की घराने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेला ‘मी आहे’ एवढेच कळवत राहावे, आणि ती हजेरी पंधरा मिनिटे लागली नाही तर त्या बाहेरच्या सेवेने आपल्याला फोनवर संदेश पाठवावा. अशी हजेरी घेणाऱ्या सेवा उपलब्ध आहेत, आणि दुसऱ्या घरी आपला एखादा लहान संगणक असेल तर त्यावरही हे काम सहज होते. राउटर आणि फायबरचा डबा यूपीएसवर असल्यास वीज गेल्यागेल्या एक सविस्तर संदेशही पाठवता येतो. फायबरच्या वाटेतील विभाजकांना वीज लागत नाही, त्यामुळे पलीकडच्या टोकाला वीज आहे तोवर जोडणी टिकू शकते.

प्रश्न : राउटर अडकला तर दुरून बंद-चालू करता यावा म्हणून त्याला वायफाय प्लग लावला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : ही चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे अधिकाराने सांगतो. मी घरापासून दूर होतो, इंटरनेट मंद वाटत होते, म्हणून फोनवरून राउटरचा प्लग बंद केला. फोनवरचे चिन्ह करडे झाले आणि पुढच्याच क्षणी लक्षात आले, की ‘चालू कर’ ही आज्ञा आता ज्या वायफायवरून जायची तेच मी विझवले आहे. नऊ दिवस घर अंधारात, म्हणजे माझ्यापुरते. प्लग ठेवायचा असेल तर ‘बंद झाल्यावर तीस सेकंदांनी आपोआप चालू’ हा नियम त्या प्लगच्या आतच असला पाहिजे. त्याहून बरे म्हणजे इंटरनेट दहा मिनिटे नाही असे दिसल्यास स्वतःच राउटर बंद-चालू करणारा प्लग. पण त्यालाही दोन प्रयत्नांमध्ये निदान तासाभराचे अंतर द्या, नाहीतर इंटरनेट कंपनीकडूनच बंद असेल तेव्हा तो राउटरला दिवसभर उठाबशा काढायला लावतो.

प्रश्न : वीज येऊन सर्व सुरू झाले तरी काही दिवे व सेन्सर तासभर प्रतिसाद देत नाहीत, आणि वेळापत्रकही चुकते. हे कशामुळे?

उत्तर : झिगबी या, स्मार्ट उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या बिनतारी जाळ्यात विजेवर चालणारे दिवे आणि प्लग हेच इतरांचे निरोप पुढे पोचवत असतात. ते विझले की बॅटरीवरचे सेन्सर पोरके होतात आणि नवी वाट सापडायला त्यांना वेळ लागतो. त्यामुळे गळतीच्या सेन्सरजवळचा एखादा निरोप्या प्लग यूपीएसवर घ्यावा. वेळापत्रक चुकण्याचे कारण बहुधा घड्याळ असते. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पाट्यांवर वीज नसताना चालणारे घड्याळ नाही. पाय ५ वर आहे, पण त्याचा छोटा सेल वेगळा लावावा लागतो. असा संगणक उठतो तेव्हा वीज गेली त्या सुमाराचीच वेळ अजून आहे असे समजतो, आणि राउटर जागा होऊन नेटवरून वेळ मिळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटे, त्याच समजुतीवर निर्णय घेतो. होम असिस्टंट सुरू होण्याआधी वेळ जुळल्याची खात्री करून घेण्याची अट घाला, किंवा सरळ पाच मिनिटांचा विलंब ठेवा.