वल्हांडण आपणही पाळायचा का?

प्रश्न: आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधले काहीजण म्हणतात बायबलच्या लेवीय २३ मधले वल्हांडणासारखे (इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा) यहुदी सण ख्रिस्ती माणसानेही पाळलेच पाहिजेत. खरंय का? – एक वाचक, भांडुप

उत्तर: पाळलेच पाहिजेत असं काही नाही हो, बायबलमधल्या कलस्सै २:१६ मधे प्रेषित पौल सरळ सांगतो की सणावरून कोणी तुम्हाला दोष लावू नये. पण समजून नक्की घ्या, कारण वल्हांडणाला कापायचं कोकरूच माहीत नसेल तर १ करिंथ ५:७ (ख्रिस्त हाच आपला वल्हांडणाचा बळी) डोक्यावरून जातं, आणि मत्तय-मार्क-लूक वाचा, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकरी नि प्याला) येशूने वल्हांडणाच्या जेवणातच दिलंय, म्हणजे ती भाकरी बेखमीर, पीठ फुगूच द्यायचं नाही. पेंटेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, यरुशलेममधे एवढी गर्दी का, तर कापणीचा सण होता. मशीद बंदरला बेने इस्राएलांचं (आपल्याकडचे मराठी बोलणारे यहुदी) १७९६ चं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे, विचारून जा, फक्त त्यांना त्यांच्याच सणाचा अर्थ शिकवत बसू नका.