तीन दिवस जेल, चार दिवस सुट्टी

प्रश्न : मी मानवतकडचा, वय 29, जिनिंगवर कामाला. लिंगावर बारीक चामखिळी उठल्या म्हणून परभणीला त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पोडोफायलोटॉक्सिनचं जेल दिलं. लवकर जावं म्हणून मी आठवडाभर रोज लावलं, खंड पडू दिला नाही. आता कातडी सोलली, घाम आला की आग होते. मेडिकलवाला म्हणतो, दुसरं क्रीम देतो. बायकोला पाचवा महिना चालू आहे, तिलाही खाली दोन-तीन पुटकुळ्या दिसतात. हेच जेल तिला लावू का? (नाव छापू नये.)

उत्तर : दादा, आधी शेवटचं सांगते. वहिनींना हे जेल थोडंसुद्धा लावायचं नाही. गरोदरपणात ते चालतच नाही. त्यांच्यासाठी चामखीळ गोठवण्याचा किंवा दवाखान्यातच औषध टेकवून जाळण्याचा उपाय आहे. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि तिथं तुमच्या चामखिळींचंही सांगा. लाजून गप्प बसू नका.

आता तुमचं. हे 0.5 टक्क्यांचं जेल चामखिळीच्या पेशी वाढू देत नाही, त्या मरतात. शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरलं तर तीही भाजते. म्हणून ते सकाळ-संध्याकाळ, सलग तीन दिवस लावायचं आणि पुढचे चार दिवस काहीच नाही. त्या चार दिवसांत कातडी भरून येते. तुम्ही तेवढेच गाळले. अशा चार फेऱ्यांत गेलं नाही तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचं, आपल्या मनाने आणखी ट्यूब लावत राहायचं नाही.

सध्या जेल बंद. साध्या पाण्याने धुवा, सैल सुती चड्डी घाला. मेडिकलवाल्याचं क्रीम घेऊ नका. अशा क्रीममध्ये बहुतेकदा स्टेरॉइड असतं. कुरुपाचं औषध किंवा चुनाही तिथं नको. (चुना लावून आलेले पेशंट मी पाहिलेत.) जखम, रक्त किंवा सूज असेल, कातडी मागे सरत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा.

पुन्हा सुरू करायचं ते डॉक्टर म्हणतील तेव्हाच. फक्त चामखिळीवर टेकवा, वाळू द्या, मगच कातडी पुढे घ्या. मूत्रमार्गाच्या आत नको. लावून झालं की हात साबणाने धुवा. तंबाखू मळणारा हात तोच असतो. जेलमध्ये अल्कोहोल असतं, तेव्हा लावताना बिडी पेटवू नका.

उपचार चालू असताना संबंध टाळा. नंतर कंडोम वापरा, पण त्याने झाकली न जाणारी जागा उरतेच. आणि एक, वहिनींवर संशय घेऊ नका. या चामखिळी बहुतेक वेळा एचपीव्हीच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे होतात. हा विषाणू महिनोन् महिने, कधी वर्षंही गुपचूप राहतो. कुणाकडून आला ते सांगता येत नाही. हे दोन प्रकार सहसा कॅन्सरचे नव्हेत.

सिफिलिस या गुप्तरोगाच्या ओलसर गाठीही अशाच दिसू शकतात, म्हणून दोघांची व्हीडीआरएल (सिफिलिससाठीची रक्ततपासणी) आणि एचआयव्ही तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या विभागात, नाव गुप्त ठेवतात.