शाळेतल्या सिस्टरला युनियन करता येते का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. (हे उत्तर २०२१ मधलं आहे, कायदे आणि मुदती तेव्हाच्या.) बाकीच्या वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते, नाव गाव काही देत नाही. तुम्ही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या सिस्टर, सातारा जिल्ह्यातल्या एका निवासी इंग्रजी शाळेच्या इन्फर्मरीत, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, २०१५ पासून आहात, दरवर्षी जूनमध्ये ११ महिन्यांची ऑर्डर मिळते. गेल्या वर्षी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, हॉस्टेलच्या एका बिल्डिंगमध्ये तहसीलदार ऑफिसने क्वारंटाईन सेंटर केलं आणि शाळेने तुम्हाला तोंडी सांगितलं की तिथलंही तुम्हीच बघा. तुम्ही आणि एक मावशी मिळून ते बघत होता, सप्टेंबरमध्ये तुम्हाला कोविड झाला, तुम्ही आजारी होतात ते दिवस बिनपगारी लावले, आणि जून २०२० पासून पगार निम्मा, का तर फी येत नाही. आता जून २०२१ मध्ये ऑर्डरऐवजी एका मॅनपावर एजन्सीचा करार समोर ठेवलाय. तुम्ही आजूबाजूच्या दोन शाळांतल्या सिस्टरना घेऊन व्हॉट्सअॅप ग्रुप केला, त्यात युनियनचा विषय निघाला, कुणीतरी स्क्रीनशॉट ऑफिसला पोचवला आणि तुम्हाला मेमो आला की "शिस्तभंग का समजू नये". आणि ऑफिस सुपरिटेंडेंट म्हणाले, तुम्ही टीचर नाही आणि शाळा म्हणजे काही फॅक्टरी नाही, इथे युनियन चालत नाही.

तुम्ही विचारलंय युनियनचं, पण मी सुरुवात एजन्सीच्या करारापासून करते कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. त्यावर सही करू नका. अजून केली नाहीये हे फार बरं झालं. कारण असं, की महाराष्ट्रात तुमच्यासारख्या माणसासाठी सगळ्यात कामाचा कायदा म्हणजे १९७१ चा, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा, ज्याला आम्ही कोर्टात नुसतं पल्प म्हणतो, मालकाने अनुचित प्रथा केली तर थेट कोर्टात तक्रार करता येते, सरकारने वाद पाठवायची वाट बघावी लागत नाही. पण त्या कोर्टात पाय ठेवायला तुम्ही शाळेच्याच कर्मचारी आहात हे वादातीत असावं लागतं. २००१ मध्ये सिप्लाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंत्राटदाराचा कामगार का कंपनीचा हाच वाद असेल तर तो आधी दुसरीकडे मिटवून या, पल्पखाली नाही. म्हणजे आज एका सहीने तुम्ही शाळेच्या सिस्टरऐवजी एजन्सीच्या सिस्टर झालात की उद्या कुठलीही तक्रार केली तरी पहिली काही वर्षं तुमचा मालक कोण हेच सिद्ध करण्यात जाणार. शाळेच्या वकिलाला हे चांगलं माहीत असतं, त्यामुळे हा करार साधा बदल म्हणून समोर आलाय असं मला अजिबात वाटत नाही.

मग काय करायचं, तर कराराची प्रत मागा, वाचायला आणि सल्ला घ्यायला वेळ हवा असं ईमेलवर लिहा, आणि रोज ड्युटीवर जात राहा. मस्टरवर सही करू देत नसतील तर त्याच दिवशी ईमेल टाका की मी हजर होते, सही करू दिली नाही. तोंडी बोलणं कमी करा, गेल्या वर्षीचं सगळंच तोंडी झालंय आणि आज तेच नडतंय.

आता शाळा म्हणजे फॅक्टरी नाही, हे. १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लायच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी ठरवलं की औद्योगिक विवाद कायद्यातल्या "उद्योग" या शब्दात शिक्षणसंस्थासुद्धा येतात. तो निकाल परत तपासायचा विषय २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे गेला, पण २०२१ मध्ये कायदा तोच होता. गंमत म्हणजे शिक्षकांना त्याचा फायदा झाला नाही. गोव्यात करंझाळ्याच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची केस १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली, कोर्ट म्हणालं शाळा उद्योग आहे हे बरोबर, पण शिकवणं हे त्या कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येतलं काम नाही, त्यामुळे शिक्षक "कामगार" नाहीत. तुमचं काम शिकवणं नाही, तांत्रिक आणि कौशल्याचं आहे, ड्रेसिंग, औषधं, ताप बघणं, रजिस्टर. म्हणजे सुपरिटेंडेंट साहेबांनी टोमणा म्हणून जे सांगितलं ना, की तुम्ही टीचर नाही, तोच तुमच्या केसचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, आणि शक्य असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या!

एक खाच मात्र आहे. तुमच्या ऑर्डरवर पद लिहिलंय "इन्फर्मरी इन-चार्ज". शाळा म्हणणार की या सुपरवायझर आहेत, पगार दहा हजाराच्या (सुपरवायझरसाठी २०२१ मधली कायद्यातली मर्यादा) वर आहे, म्हणून कामगार नाहीत. याला घाबरू नका, कोर्ट पदाच्या नावावर जात नाही, दिवसभर मुख्य काम काय करता ते बघतं. तुमच्या हाताखाली एक मावशी, तिची रजा तुम्ही मंजूर करता का, तिला मेमो देता का, तिचा पगार ठरवता का? नाही ना. मग झालं. रोज काय काय करता त्याचं एक टिपण आजपासूनच ठेवायला लागा, तारखेनिशी.

पगाराचं बोलू. २०२० मध्ये लॉकडाऊनमधल्या पगारावर खूप गोंधळ झाला, २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याने पगार कापू नका असा आदेश काढला, १८ मेपासून तो मागे घेतला, मग १२ जूनला सुप्रीम कोर्टाने फिकस पॅक्सच्या केसमध्ये सांगितलं की त्या ५४ दिवसांच्या पगारासाठी मालकांवर सक्तीची कारवाई नको, दोघांनी बसून तोडगा काढा. तुमच्या शाळेने पत्रात याचाच हवाला दिलाय. पण ताई, तो सगळा वाद काम बंद असलेल्या लोकांचा होता. तुम्ही तर कामावर होता, नेहमीपेक्षा जास्त होता, आणि तुमची कपात सुरूच झाली जूनपासून. काम नाही तर दाम नाही हे ज्याने रात्री दोन वाजता ऑक्सिमीटर लावून फेऱ्या मारल्या त्याला कसं लागू होणार? आणि फी येत नाही हे कारण कायद्यात बसत नाही. पगार कमी करायचा म्हणजे नोकरीची अट बदलायची, त्याला २०२१ मध्ये लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ प्रमाणे २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागत होती, तुम्हाला नोटीस बोर्डावरचा एक कागद दिसला तोही पगार कापून झाल्यावर. शिवाय फीचं म्हणाल तर ३ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानच्या शाळांच्या केसमध्ये फीत १५ टक्के सूट द्यायला सांगितलं, पन्नास नाही. तो निकाल तुमच्या शाळेला थेट लागू नाही, पण वाटाघाटीच्या टेबलावर बोलायला चांगला आहे.

क्वारंटाईन सेंटरच्या ड्युटीचा कागद तुमच्याकडे नाही म्हणता, तो तहसीलमध्ये असणार. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात, २००५ च्या, प्रशासनाला इमारती, वाहनं, अगदी मनुष्यबळसुद्धा ताब्यात घेता येतं, पण ते लेखी आदेशानेच व्हायला हवं. शाळा खाजगी, तिला माहितीचा अधिकार चालणार नाही, पण तहसीलदार ऑफिसला चालतो. दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज करा आणि तीन गोष्टी मागा, इमारत घेतल्याचा आदेश, तिथे ड्युटीवर असलेल्यांची यादी, आणि शाळेला त्याबद्दल काही पैसे दिले असतील तर त्याचा तपशील. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. यादीत तुमचं नाव असेल तर तुम्ही सरकारी आदेशाने कोविड ड्युटी केलीत हे पक्कं, नसेल तर शाळेने स्वतःच्या जबाबदारीवर तुम्हाला तिथे पाठवलं हे पक्कं, दोन्हीपैकी काहीही निघालं तरी आपल्याच कामाचं. (कोविड ड्युटीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचा तो ५० लाखांचा सरकारी विमा तुम्ही विचारलाय, तो मृत्यूसाठी होता, तुम्ही बऱ्या झालात, तो विषय सोडा.)

आजारपणाचे पैसे. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात दिसते का बघा. असेल तर आजारपणाचा भत्ता तिथून, पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत. नसेल तर १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात (२०२१ मध्ये तोच लागू होता) आरोग्याच्या कामात संसर्गाचा धोका असेल तर त्यातून झालेला संसर्गजन्य आजार हा व्यवसायजन्य आजार धरलाय. शाळा भांडेल की आम्ही हॉस्पिटल नाही, हा अर्ज सोपा जाईल असं मी सांगणार नाही. पण दोन वर्षांची मुदत आहे, हॉस्पिटलचं बिल आणि आरटीपीसीआरचा रिपोर्ट जपून ठेवा.

आता युनियन. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे (२०२१ मध्ये तोच लागू होता) सात जण मिळून युनियन रजिस्टर करायला अर्ज करू शकतात, पण २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या उद्योगातल्या किंवा आस्थापनेतल्या कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढे मेंबर लागतात, आणि सातपेक्षा कमी चालत नाहीत. तुम्ही तिघी सिस्टर आहात, म्हणजे नुसत्या सिस्टरांची युनियन जमणार नाही. आणि खरं सांगू का, जमली तरी मी नको म्हटलं असतं. एकेका शाळेत एक किंवा दोन सिस्टर, त्यांना एकटं पाडणं फार सोपं. मेसचे लोक, ड्रायव्हर, हॉस्टेलच्या मावश्या, माळी, वॉचमन, यांचेही पगार कापलेत असं तुम्हीच लिहिलंय, त्यांच्याबरोबर जा. किंवा जिल्ह्यात आधीपासून रजिस्टर असलेली एखादी जनरल कामगार युनियन असेल तिचे मेंबर व्हा, त्याला आकड्याची अट नाही, एकटीनेही होता येतं, आणि लेबर ऑफिसमध्ये त्यांचा पदाधिकारी तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. मान्यताप्राप्त युनियन, म्हणजे पल्पखाली कोर्टाकडून मान्यता मिळालेली, ही वेगळी गोष्ट, तिला त्या आस्थापनेत किमान ५० कर्मचारी आणि सहा महिने सलग ३० टक्के मेंबर लागतात, ते पुढचं पुढे. तुमच्या शाळेत आत्ता मान्यताप्राप्त युनियन नाही हे एका अर्थी सोयीचंच, कारण वर्षानुवर्षं टेंपररी ठेवल्याची तक्रार अशी युनियन असेल तर तिच्यामार्फतच करावी लागते, नसेल तर स्वतः करता येते. सहा वर्षं ११-११ महिन्यांच्या ऑर्डर, काम मात्र तेच, ही त्या तक्रारीची अगदी पुस्तकातली केस आहे.

नर्सेसच्या संघटनांचं विचारलंत. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ पासून आहे, मोठी संस्था, त्यांच्याच केसमुळे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाजगी नर्सेसच्या पगाराचा विषय समितीकडे दिला आणि ५० बेडच्या आतल्या हॉस्पिटलातही २० हजारांपेक्षा कमी नको अशी शिफारस आली. पण ती हॉस्पिटलांसाठी. शाळेतल्या सिस्टरचा विचार त्यात कुणी केलेला नाही, हॉस्पिटलवाले म्हणतात तुम्ही शाळेच्या, शाळावाले म्हणतात तुम्ही स्टाफरूमच्या नाही. मेंबर जरूर व्हा, पण तुमच्या मेमोसाठी ते लेबर ऑफिसला येतील ही अपेक्षा ठेवू नका.

मेमोचं उत्तर मुदतीत द्यायचं, लहान आणि थंड डोक्याने. लिहा की सहकाऱ्यांशी कामाच्या अटींबद्दल बोलणं आणि संघटना करणं हा माझा कायदेशीर हक्क आहे, हा ग्रुप ड्युटीच्या वेळेत चालवलेला नाही, शाळेची किंवा मुलांची कुठलीही गोपनीय माहिती त्यात दिलेली नाही, मेमो मागे घ्यावा. बस. निम्म्या पगाराचं रडगाणं त्यात नको, त्याचं वेगळं पत्र. संघटना केली म्हणून शिक्षा करणं हे पल्पच्या दुसऱ्या परिशिष्टात अनुचित प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलंय, त्याची तक्रार इंडस्ट्रियल कोर्टात, आणि त्यात पहिल्याच तारखेला अंतरिम आदेश मागता येतो की निकालापर्यंत हिला काढू नका. तक्रारीला मुदत मेमो हातात आल्यापासून ९० दिवस. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने मुदती वाढवल्या होत्या, मार्च २०२१ मध्ये ते बंद केलं, २७ एप्रिल २०२१ ला परत सुरू केलं, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

"मुलांची माहिती दिली नाही" हे लिहायच्या आधी खरं आहे ना ते तपासा हां. तुम्ही मला पुरावा म्हणून रजिस्टरचे फोटो पाठवलेत, त्यात मुलांची नावं आणि आजार दिसतात. ते ग्रुपवर टाकले असतील तर मला आधी सांगा, कारण मग उत्तर वेगळं लिहावं लागेल, आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तुमच्या एकटीच्या नावावर आहे, शाळेच्या नाही. त्याच कारणाने डॉक्टरच्या लेखी सूचनेशिवाय औषध द्यायला सांगितलं तर नाही म्हणा, भले ते प्रिन्सिपल असोत.

तिघींनी एकदम रजा टाकायची आयडिया डोक्यातून काढा. नोटीस न देता काम बंद केलं की तो बेकायदेशीर संप होतो आणि आत्तापर्यंत चूक शाळेची होती ती तुमची होते.

नोकरीवरून काढलंच तर त्याच आठवड्यात या, थांबू नका. तेव्हा एक रस्ता लेबर कोर्टाचा आणि शाळा मान्यताप्राप्त असेल तर दुसरा शाळा न्यायाधिकरणाचा, तिथे फक्त ३० दिवस मिळतात, दोन्हीकडे एकदम जाता येणार नाही, कुठला घ्यायचा ते तुमच्या ऑर्डरी बघून ठरवू. २०१५ पासूनच्या सगळ्या ऑर्डरी, बँकेचं पासबुक, पीएफची पासबुक प्रिंट आणि मेमोची दोन्ही पानं स्कॅन करून पाठवा, तुम्ही मेमोचं पहिलंच पान पाठवलंय आणि सही कुणाची आहे ते दुसऱ्यावर आहे.