खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणजे नक्की काय?

“मॅडम, पोरगी जेवते, पण अंगी लागत नाही. तुम्हीच तिला समजावा.” ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या छोट्याशा खोलीत हे वाक्य महिन्यातून दोनदा तरी ऐकू येतं. त्यामागे एक प्रश्न असतो आणि तो बहुतेक आया दाराशी चपला घालताना विचारतात: “हे मनाचंच असेल ना?” बऱ्याचदा काहीच नसतं. आईच्या मनातल्या वाटीपेक्षा मुलाची भूक लहान असते, इतकंच. पण एका मुलीच्या बाबतीत मी साफ चुकले होते. तिच्या घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ते लिहिते आहे. मुलीला आपण छकुली म्हणू.

छकुली तिसरीत होती. शाळेतून आठवड्यातून दोनदा फोन यायचा, पोट दुखतंय, घेऊन जा. आई कामाला मुंबईत, त्यामुळे कोपरीहून धावत जायची ती आजी. मुलगी चिडकी झाली होती, सकाळी युनिफॉर्म बघितला की रडायची. वर्गात तिला ‘पिटुकली’ म्हणायचे. आईने सांगितलेली एक गोष्ट मी वहीत अधोरेखित केली: मे महिन्यात आजोळी गेली की मुलगी एकदम छान असते. पोट दुखत नाही, हसते-खेळते. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पंधरा-वीस दिवसांत मागचं पुढे सुरू.

समुपदेशकाला यापेक्षा सोपं काय हवं? सुट्टीत बरी, शाळेत आजारी, म्हणजे शाळेची धास्ती. मी दोन सत्रं त्यावरच घालवली. श्वासाचे खेळ झाले, चांदण्यांचा तक्ता झाला, वर्गशिक्षिकेशी बोलणं झालं. मुलगी गुणी होती, सगळं करायची. पोट मात्र दुखायचंच.

तिसऱ्या वेळी मी तिला घराचं चित्र काढायला सांगितलं. तिने दाराची चौकट काढली आणि चौकटीवर आडव्या रेघा. आजोबा दर वाढदिवसाला तिची आणि धाकट्या भावाची उंची पेन्सिलने टिपायचे. भावाच्या रेघा शिडीसारख्या वर गेलेल्या, हिच्या शेवटच्या दोन जवळजवळ एकमेकींवर. म्हणाली, “टीचर, माझी रेघ वर जातच नाही.”

मी आईकडून त्या चौकटीचा फोटो मागवला. चित्रात होतं तसंच होतं. या वयाचं मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटीमीटर वाढतं. छकुली वर्षभरात दीड सेंटीमीटरसुद्धा वाढली नव्हती. धास्तीने पोट दुखतं, हे मी रोज पाहते. पण केवळ शाळेच्या धास्तीने उंची अशी अडून बसत नाही. आईला विचारलं तेव्हा ती जरा कौतुकानेच म्हणाली होती, “युनिफॉर्म दोन वर्षं पुरला हो हिला.”

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं, जे पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. हातपाय काड्या, पोट मात्र मडक्यासारखं पुढे. ओठाच्या आत तोंड आलेलं. पुढच्या नव्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखेच पिवळट-पांढरे डाग आणि बारीक खाचा. चेहरा फिका. मी डॉक्टर नाही आणि निदान करणं माझं काम नाही. पण बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी लिहिता येते. ती लिहिली, चौकटीचा फोटोही सोबत दिला. (डॉक्टर नंतर म्हणाले, रिपोर्टच्या आधी ती चौकटच बोलली.)

त्यांनी रक्तातल्या टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडांची तपासणी सांगितली, आणि एकूण आयजीएसुद्धा, म्हणजे त्या प्रकारची सगळी प्रतिपिंडं. काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो. छकुलीचा आकडा बराच वर गेला होता. पुढे दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि नाव कळलं: सिलिॲक.

यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच आतड्यावर उलटते. ग्लुटेन जवात आणि राय नावाच्या धान्यातही असतं. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, अन्नरस शोषला जातो तो तिच्यातून. ती लव झडून सपाट होते. पोटात चार घास जातात, पण रक्तात पोचत नाहीत. ‘अंगी लागत नाही’ हा आपला शब्दप्रयोग इथे शब्दशः खरा ठरतो.

आता आजोळ कुठलं, तर मंगळवेढ्याजवळचं. ज्वारीचा मुलूख. तिथे तिन्ही त्रिकाळ भाकरी. बिस्किटाचा पुडा तिथेही फुटायचा, पण पोळी सणावारी. ठाण्यात परतलं की डब्यात पोळी, रात्री पोळी, मधल्या वेळी टोस्ट, आणि उंची वाढावी म्हणून दुधात माल्टची पावडर, जी मुळात जवापासूनच बनते. शाळा आणि पोळी एकाच दिवशी सुरू व्हायच्या. मी त्यातली शाळा धरली.

हे कळल्यावर मला फार ओशाळं वाटू नये म्हणून असेल, डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांनी 1888 मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं होतं, आहारानेच तो बरा होईल असंही म्हटलं होतं. पण कुठल्या पदार्थाने होतो हे कळायला आणखी साठेक वर्षं गेली. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि लाखो लोक उपाशी असताना ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पाव परत आला, मुलं परत आजारी पडली. छकुलीचं आजोळ म्हणजे तेच, फक्त पोटभर.

निदानाच्या आधीचा एक प्रसंग सांगायलाच हवा. तपासणी करायची असं ठरलं, त्याच संध्याकाळी आजींनी गव्हाचा डबा माळ्यावर टाकला. हेतू चांगला, पण नुकसान करणारा. गहू बंद केला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि तपासणीत काही सापडत नाही. मग खात्री करायला महिनाभर वा जास्त पुन्हा गहू खायला लावायचा, म्हणजे दुखण्याची उजळणी. तेव्हा शंका आली तर आधी रक्त द्या, मगच पोळी सोडा.

दुसरा भाग आईचा. निदान झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि पहिली दहा मिनिटं नुसती रडली. “मीच भरवत होते, मॅडम. तूप लावून, गोष्टी सांगून.” या अपराधीपणावर मी तिच्याशी तीन वेळा बोलले. त्यातलं एकच इथे लिहिते. घरात आजवर दोन तर्क चालत आले होते, आई नोकरी करते म्हणून लक्ष नाही आणि पोरीला दृष्ट लागली. आता तिने स्वतःच तिसरा शोधून काढला होता. दोष द्यायला माणूस सापडला की माणसं रिपोर्ट वाचायचं थांबवतात. मी तिला रिपोर्टमधली शेवटची ओळ मोठ्याने वाचायला लावली. तिथे लिहिलं होतं, आई-वडील आणि भावाचीही तपासणी करावी.

सख्ख्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एक असते. सर्वसाधारण लोकांत जगभरात शंभरात एक. आपल्या देशात उत्तरेकडच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात जास्त, दक्षिणेत कमी. वडिलांचा रिपोर्ट बरा आला. भावाचाही, पण त्याची तपासणी पुढे पुन्हा करायची आहे. आईच्या रिपोर्टमध्ये मात्र तोच आजार निघाला.

तिचा विश्वासच बसेना. जुलाब नाहीत, अंगाने बरी भरलेली, मग कसला आजार? पण ऐकत गेले तशी एकेक कडी जुळत गेली. हिमोग्लोबिन 8 च्या आसपास, लग्न होऊन ठाण्यात आल्यापासून. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, आकडा हलत नाही. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आणि हा आजार घाव घालतो तोही तिथेच. वारंवार तोंड येणं, लोकलमधून उतरून पुलाच्या पायऱ्या चढताना पाय जड होणं, केस गळणं. “बायकांचं असतंच हे,” तिची आई म्हणायची, सासू म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तीसुद्धा म्हणायची. मोठ्या माणसांत हा आजार बरेचदा असाच येतो, पोटाचं नाव न घेता. कुणाची हाडं लवकर ठिसूळ होतात. कुणाच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, कुल्ल्यांवर खाजरे फोड येतात आणि वर्षानुवर्षं खरजेची मलमं लावली जातात. कुणाच्या हातापायांना मुंग्या येतात, कुणाचं गरोदरपण टिकत नाही. थायरॉइडचा त्रास किंवा लहानपणापासूनचा मधुमेह असलेल्यांत हा जरा जास्त आढळतो.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका. रक्त कमी असण्याची कारणं आपल्याकडे पुष्कळ आहेत, बुटकेपणा घराण्यातही असतो, पोट जंतांनीही पुढे येतं. मी पालकांना इतकंच सांगते की मुलाची उंची लिहून ठेवा, आणि ती अडली असेल तर माझ्याआधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि फॅशन म्हणून घरादाराचा गहू बंद करू नका.

औषध म्हणाल तर एकच, ग्लुटेन जन्मभर बंद. महाराष्ट्रात हे वाटतं तितकं अवघड नाही. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, साबुदाणा, राजगिरा, सगळ्या डाळी चालतात. उकडीचे मोदक चालतात. गोची आहे ती लपलेल्या गव्हात. बाजारच्या हिंगात बरेचदा मैदा असतो. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू, सत्यनारायणाच्या प्रसादात रवा. आणि गिरणी! आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर आपल्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, गिरणीवाल्याला असला हिशोब कोण विचारणार? आजी विचारायला गेल्या आणि भांडून आल्या. मग घरघंटी घेतली. तवा वेगळा, पोळपाट वेगळा.

या आजींबद्दल थोडं लिहायला हवं. त्या जन्मापासून ठाण्यातल्या, घडीच्या पोळीचा त्यांना अभिमान. सोलापूरकडच्या सुनेला पोळ्या धड येत नाहीत, हे घरात येणाऱ्या प्रत्येकाला आठ-दहा वर्षं ऐकवलेलं. आता त्याच सुनेसमोर ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापायला शिकत होत्या. पहिल्या आठवड्यात सगळ्या भाकऱ्या चिरल्या. “अगं, पाणी गरम घालू की उकळतं?” असं त्यांनी सुनेला विचारलं, हे सांगताना ती माझ्यासमोर पहिल्यांदा मोकळं हसली.

स्वतःचं पथ्य मात्र आई गंभीरपणे घेत नव्हती. लेकीसाठी बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचायची, आणि संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर वडापाव. “माझं काय, मी चालवून घेते.” एकदा छकुलीला पर्समध्ये हिरव्या चटणीचा कागद सापडला. पोरगी ओरडली नाही, रडली नाही. माझ्याकडे आली तेव्हा गंभीरपणे म्हणाली, “टीचर, आईला पण समजावा. तिला कळत नाही.” आईला जे सांगायचं होतं ते मी मग तिच्यासमोरच सांगितलं.

आठ महिन्यांनी मला चौकटीचा नवा फोटो आला. छकुलीची रेघ जुन्या दोघींपासून चार बोटं वर. तिच्या बाजूला वाकड्या अक्षरांत आणखी एक रकाना आखलेला, ‘आई’. त्यात उंची नव्हती. खाली 8.1, मग 9.4, आणि सगळ्यात वर 10.9, पुढे पेन्सिलने लिहिलेलं: वडापाव नाही.