किशोरांसाठी विज्ञान कादंबरी लिहितोय. क्लोनमध्ये मानवी भावना हळूहळू जाग्या होताना कशा दाखवू? त्याला मूळ माणसाच्या आठवणी द्याव्यात का?

दाखवूच नका. 'हळूहळू जाग्या होतात' इथेच घोळ आहे. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली ती सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून, म्हणजे दोघींत अंतर निदान सहा वर्षांचं. माझ्यात आणि माझ्या जुळ्या बहिणीत ते ११ मिनिटांचं आहे, आणि तेवढ्यावर मी तिला जन्मभर ताई म्हणतेय. आम्हाला भावना कितव्या प्रकरणात फुटल्या, असं कुणी विचारत नाही.

म्हणजे, मला विचारलं होतं. पंधराव्या वर्षी. आजोबा गेले, ताई रडून रडून आडवी झाली आणि मला कडकडून भूक लागली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवत होते, ते आत्याने पाहिलं. म्हणाली, "साचा एकच, पण काळीज एकीच्याच वाट्याला आलं." ते मला चिकटलं ते चिकटलंच. पुढे दोन महिने आजोबांच्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं नाही, पाहुण्यांवरसुद्धा खेकसले. त्याला घरात आगाऊपणा म्हणाले. आजही भांडण झालं की ताई तेच काढते, "तुला तेव्हा काही वाटलंच नव्हतं." अगं, तुझ्यासारखं वाटलं नव्हतं!

तेव्हा क्लोनच्या गालावरून तो पहिला अश्रू कृपा करून ओघळवू नका. त्याला नको त्या वेळी भूक लागू दे. खुर्चीवरून भांडू दे. आणि 'याला काही वाटत नाही' असं म्हणणारा कुणी दुष्ट शास्त्रज्ञ नको, जीव लावणारं माणूस हवं. आमच्या आत्याने मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं, म्हणून तर ते इतकं लागलं.

आठवणींचं म्हणाल तर नाही. त्या डीएनएतून येत नाहीत. २००१ साली जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीचा रंगसुद्धा मूळ मांजरीसारखा नव्हता.

हां, काटेकोर बोलायचं तर क्लोन अगदी शंभर टक्के जुळं नसतं, मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला, डीएनए बीजांड देणारीकडून येतो. आणि तुमचे क्लोन प्रयोगशाळेत मायेच्या स्पर्शाशिवाय वाढणार असतील, तर ते बिथरलेले असतील हे मान्य. पण कोरडे नाहीत. हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात माकडाच्या पिल्लांना तारेची दूध देणारी आई आणि कापडाची बिनदुधाची आई दिली होती. पिल्लं पोटापुरती तारेकडे जायची आणि बाकीचा दिवस कापडाला बिलगून असायची. त्यांना कुणी शिकवलं होतं?

ताई, हे वाचत असशील तर फोन करू नकोस. खुर्ची अजून माझ्याकडेच आहे.