ओर्व्हिएतो एका दिवसात: आधी काय पाहावे आणि शेवटी काय ठेवावे

सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन रोमहून एका दिवसात ओर्व्हिएतो हे इटलीतले कड्यावरचे जुने गाव पाहून परत येता येईल का, आणि वेळ अपुरा पडलाच तर काय गाळावे, असे तुम्ही विचारले आहे. एक दिवस पुरतो, मात्र क्रम नीट लावावा लागतो. पहिल्या खेपेस मी सकाळीच कॅथेड्रलसमोर जाऊन उभा राहिलो, दर्शनी भिंत सावलीत असतानाच पाहिली आणि दुपारच्या गाडीने परतलो. त्या भेटीत काय हुकले, हे दुसऱ्यांदा गेल्यावर समजले.

रोमहून लोकल गाडीने साधारण सव्वा ते दीड तास लागतो. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का उमटवून घ्या. स्टेशन पायथ्याशी आहे आणि गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या, उभे कडे असलेल्या पठारावर. समोरच्या फनिक्युलरने (दोरखंडाने चढावर ओढल्या जाणाऱ्या डब्याने) काही मिनिटांत वर पोहोचता येते, त्यामुळे आई-वडिलांना चढाचा त्रास नाही. वरून कॅथेड्रलच्या चौकापर्यंत छोटी बस जाते.

या गावाचे सगळे वैशिष्ट्य त्या कातळात आहे. तो इतका मऊ की साध्या हत्याराने कोरता येतो, आणि कडे इतके सरळ की शत्रूला वर येणे अवघड. रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदलेल्या एट्रुस्कन लोकांनी येथे शहर वसवले, इ.स.पू. 264 मध्ये रोमनांनी ते जिंकून उद्ध्वस्त केले. पठाराची एकच मोठी उणीव होती, ती पाण्याची. वेढा पडला की हाल तहानेचे, म्हणून इथल्या माणसांनी शतकानुशतके खाली खोदत जाण्याचे काम केले.

त्या खोदकामाचा सर्वांत भव्य नमुना, सेंट पॅट्रिकची विहीर, फनिक्युलरच्या वरच्या थांब्यालगतच आहे. 1527 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस ओर्व्हिएतोत आश्रय घेतला, आणि उद्या येथेही वेढा पडला तर काय, या चिंतेपोटी त्यांनी आंतोनिओ दा सांगाल्लो (धाकटे) या वास्तुविशारदाकडे विहिरीचे काम सोपवले. ते 1537 मध्ये पुरे झाले, तोवर क्लेमेंट हयात नव्हते. सुमारे 53 मीटर खोल विहिरीभोवती दोन गोल जिने एकमेकांवर असे गुंफले आहेत की ते कुठेही मिळत नाहीत: एका जिन्याने खेचरे उतरत, तळाशी पूल ओलांडून, पाणी लादून दुसऱ्याने वर येत, आणि समोरासमोर कधी अडत नसत. खिडक्यांतून मध्यभागी डोकावले की पलीकडच्या जिन्यावरची माणसे दिसतात. तुम्ही खाली चाललेला असता, ती वर. पायऱ्या 248 आहेत आणि तेवढ्याच पुन्हा चढायच्या आहेत. गुडघेदुखी असेल तर आई-वडिलांना शेजारच्या आल्बोर्नोझ किल्ल्याच्या बागेत बसवा, तिथून पाल्या नदीचे खोरे दिसते. तुम्ही सकाळीच, पाय ताजे असताना, विहीर उरकून घ्या.

दुपारच्या उन्हात कातळाखालची भुयारे पाहावीत. मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. आत गारवा असतो. तेलाचा घाणा, एट्रुस्कन काळातल्या अरुंद विहिरी आणि भिंतीत ओळीने कोरलेले कबुतरांचे चौकोनी कोनाडे तिथे आहेत. कड्याला ठेवलेल्या झरोक्यांतून कबुतरे बाहेर चरून येत, त्यामुळे वेढ्यातही घरात मांस मिळे. गाळायचेच असेल तर मोरो बुरूज गाळा: 47 मीटर उंच बुरुजावरची चढण त्या वयात नको.

त्यानंतर कॅथेड्रल. 1263 मध्ये जवळच्या बोल्सेना गावी प्रार्थनेत पवित्र भाकरीतून रक्त ठिबकले अशी श्रद्धा आहे. त्या रक्ताने डागलेले वेदीवरचे वस्त्र आत डाव्या बाजूच्या कक्षात जपले आहे. कॅथेड्रलचे बांधकाम 1290 मध्ये सुरू झाले. आत उजवीकडच्या सान ब्रित्सिओ कक्षात मात्र अर्धा तास तरी द्या. चित्रकार फ्रा आंजेलिको यांनी 1447 मध्ये छताचे काम सुरू करून सोडले होते; लुका सिन्योरेल्ली यांनी 1499 ते 1504 या काळात कक्ष पूर्ण केला. मृतांच्या पुनरुत्थानाच्या भित्तिचित्रात माणसे पांढऱ्या जमिनीतून हातांच्या जोरावर वर येताना दिसतात. कुणी अजून सांगाडाच आहे, तर कुणी नुकतेच बाहेर आलेल्या सोबत्याला हात देत आहे. खांदे झाकणारे कपडे घाला, आणि रविवारी किंवा सणाला प्रार्थनेमुळे दर्शनाची वेळ कमी असते हे लक्षात ठेवा.

बाहेरची दर्शनी भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून ती शेवटी. शिल्पकार-वास्तुविशारद लोरेन्झो माइतानी यांनी 1310 मध्ये काम हाती घेतले. दारांच्या बाजूच्या चार रुंद खांबांवरची उठावशिल्पे खालच्या भागात अगदी नजरेच्या पातळीवर आहेत. डावीकडच्या पहिल्या खांबावर झोपलेल्या आदमच्या कुशीतून ईश्वर बरगडी काढतो आहे. त्याचा हात इतका सांभाळून आत गेलेला आहे की आदमची झोप मोडू नये. आईला चौकातल्या बाकावर बसवून हे जवळ जाऊन पाहा. दुपार कलली की वरच्या मोझेकमधले (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांमधले) सोने एकेक पट्टा करत पेटत जाते; उन्हाळ्यात त्यासाठी सहाच्या पुढे थांबावे लागते, हिवाळ्यात साडेतीनलाच तिथे असावे. परतीची गाडी त्या हिशेबाने निवडा.