वाईनवर लिहिणारा माणूस स्वतः वाईन करायला बसला तर जमतं का?

प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना, कारण मी हे केलंय. नऊ वर्षं कोल्हापुरात बसून वाईनवर लिहिलं आणि मग एका सीझनला रजा टाकून सांगलीकडच्या एका वायनरीत टाकी भाड्यानं घेतली, ओळखीच्या बागेतली दीड टन शिराझ उचलली, म्हणजे रेड वाईनची काळी द्राक्षं.

जमतं. ऑस्ट्रेलियाचा जेम्स हॅलिडे एवढा मोठा वाईन-लेखक, त्यानं १९८५ ला यारा व्हॅलीत कोल्डस्ट्रीम हिल्स ही वायनरी काढली आणि नाव कमावलं. पण चाखणाऱ्याला करण्यातलं काय कळतं, खरा वाद तिथं आहे, आणि ह्यावरनंच माझं एका वाईनमेकर मित्राशी वाजलेलं. त्याच्या शिराझला नासक्या अंड्याचा वास होता, मी तसं लिहिलं आणि पुढं "निष्काळजीपणा" असा शब्द टाकला. त्याचा फोन आला, "कडेला बसून डाव सांगायला काय जातंय, एकदा लांग चढवून आत ये." तेव्हापासनं बोलणं बंद.

फेब्रुवारीत पहाटे तीनला तोडणी केली, माल गार असतानाच क्रेटमधनं वायनरीत, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २४. पहिले तीन दिवस झकास. सालं वर येऊन जाड थर धरतात, तो दिवसातनं तीनदा दांड्यानं खाली दाबायचा, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरचं आंबट पडायला लागतं, खांदे भरून येतात नुसते. चौथ्या दिवशी सकाळी झाकण काढलं आणि तोच वास. अगदी तोच. हायड्रोजन सल्फाईड, नाव मला पाठ होतं, पण आता करायचं काय ते माहीत नव्हतं. वायनरीतला बारावी झालेला पोरगा आला, टाकीवर वाकला आणि म्हणाला, "सर, यीस्ट उपाशी हाय." रसात नायट्रोजन कमी पडला की रस आंबवणारं यीस्ट हा वास सोडतं. आपण उसाला टाकतो तेच डीएपी खत, त्यात नायट्रोजन असतो, फक्त खाण्याच्या ग्रेडचं, मोजून विरघळवून टाकलं, रस खालनं काढून उंचावरनं परत टाकीत सोडला म्हणजे हवा लागते. दोन दिवसात वास गेला. साखर संपत आल्यावर लक्षात आलं असतं तर डीएपीचा काही उपयोग झाला नसता.

म्हणजे वास मी बरोबर ओळखला होता, पण मित्राच्या बागेतच नत्र कमी होतं का, त्यानं रात्र रात्र जागून काय काय करून बघितलं, हे मला बाटलीतनं कसं कळणार होतं? तो शब्द लिहायचा मला हक्क नव्हता.

पण त्याचंही चूकच. खासबागेच्या कुस्ती मैदानात कडेला बसलेल्या म्हाताऱ्याला डाव कुठं सुटला ते बरोबर दिसतं, त्यासाठी त्यानं त्या दिवशी मातीत उतरायला लागत नाही. चोथा दाबून काढलेली वाईन आम्ही वेगळी ठेवलेली, वायनरीतले म्हणत होते सगळी मिसळा, लिटर वाढतील. मी ग्लास-ग्लास मिसळून बघितलं आणि दहा टक्क्यांवर थांबलो, त्याच्या पुढं जीभ कोरडी पडत होती. तिथं नऊ वर्षांची जीभच कामाला आली, दुसरं काही नाही.

तुम्ही करणार असाल तर आधी एक सीझन कुणाच्या तरी वायनरीत फुकट राबा, चाखायला नाही, टाक्या धुवायला. आणि हो, घरी करून विकायचं डोक्यात असेल तर काढून टाका, लायसन लागतं. पैसेही लगेच सुटत नाहीत. स्वतःच्या वाईनवर लिहायचं तर अजिबात नाही, अमेरिकेचा नावाजलेला वाईन-समीक्षक रॉबर्ट पार्कर, त्याची तिकडच्याच ऑरेगनमधल्या एका वायनरीत मेव्हण्याबरोबर भागी होती, त्या वाईनला त्यानं मार्क दिले नाहीत.

पहिली बाटली मी त्या मित्राला पाठवली. सोबत चिठ्ठी, की निष्काळजी हा शब्द मागं घेतो, वासाचं वाक्य नाही. कुरिअरवाल्याकडनं पोचल्याची सही आलीय, फोन अजून नाही.